सूचना : वर्डप्रेस साइट सांभाळणाऱ्या सभासदांसाठी

आपापल्या साइटवरचे प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम) आणि थीम (साइटचे रूप ठरवणारे साचे) या रविवारपर्यंत अपडेट करून घ्याव्यात. आधी बॅकअप घ्यावा.

मूळ वर्डप्रेसचे (साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) छोटे सुरक्षा अपडेट आपोआप होतात. प्लगइनचे तसे नाही. ती सोय ५.५ आवृत्तीत (२०२०) आली खरी, पण ती आपणच चालू करावी लागते. आणि क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगच्या (परक्याने आपल्या पानात स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, घुसवून तो पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालवण्याच्या) बहुतेक त्रुटी प्लगइनमध्येच सापडतात.

मूळ वर्डप्रेसही सुटलेले नाही. एप्रिल २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत कोणीही ६४ केबीपेक्षा मोठी प्रतिक्रिया टाकावी, डेटाबेस ती मध्येच कापणार, अर्धवट एचटीएमएलमधून जावास्क्रिप्ट निसटणार, अशी गत होती. ॲडमिनने लॉगिन असताना ते पान उघडले की ती स्क्रिप्ट त्याच्याच अधिकाराने चालायची; नवा ॲडमिन बनवण्यापर्यंत मजल! २७ एप्रिलच्या ४.२.१ ने हे भोक बुजवले.

म्हणून सरसकट सगळ्यांना ॲडमिन करू नका (हे आपल्याकडे फार चालते). एडिटर भूमिकेलाही गाळणीविना, म्हणजे स्क्रिप्टसकट, एचटीएमएल टाकता येते. नुसता मजकूर लिहिणाऱ्याला ऑथर ही भूमिका पुरे. बंद ठेवलेले प्लगइन डिलीटच करा, त्यांच्या फाइली सर्व्हरवर राहतात.

अपडेटनंतर साइट बिघडली तर ग्रुपवर प्लगइनचे नाव व आवृत्ती कळवा. पासवर्ड मात्र इथे टाकू नका.