नागपुरी संत्रं नागपूर मतदारसंघात पिकत नाही, साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात नागपूरच्या विकासावर पूर्ण पान आलं होतं, मेट्रो, उड्डाणपूल, विमानतळाजवळचं मिहान औद्योगिक क्षेत्र, सगळं रंगीत फोटोसकट, आणि खाली कोपऱ्यात एक संत्र्याचा फोटो, ऑरेंज सिटी म्हणून. ते पान मी बगीच्यात बसूनच वाचलं. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तोडायच्या फळांची, फळगळ चालू आहे सध्या, पायाजवळ हिरवी फळं पडून होती, काही लिंबाएवढी, काही थोडी मोठी, देठाजवळ पिवळी पडलेली. ती रोज सकाळी वेचून घमेल्यात भरायची आणि बगीच्याबाहेर खड्ड्यात गाडायची, कारण झाडाखालीच सडली तर बुरशी वाढते. त्या दिवशी सात घमेले निघाले. मी मोजतो, बायको म्हणते मोजू नका, बीपी वाढते.

आधीच सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको. मी विरोधक नाही. आमच्या घरात वडलांच्या टायमापासून जनसंघाचा दिवा, मग भाजपचं कमळ, तिसरं काही आलंच नाही. 2014, 2019, 2024, तिन्ही वेळा गडकरी साहेब निवडून आले तेव्हा चौकात पेढे वाटणाऱ्यात मी होतो. पण संपादक साहेब, मत मात्र मी त्यांना एकदाही दिलं नाही. देऊच शकत नाही ना! आमचा काटोल तालुका रामटेक लोकसभेत येतो. नागपूर जिल्ह्यात विधानसभेच्या 12 जागा, त्यातल्या शहरातल्या सहा मिळून नागपूर लोकसभा आणि बाकीच्या सहा, म्हणजे काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक, या मिळून रामटेक लोकसभा. म्हणजे ज्या संत्र्याला 2014 साली नागपूरच्या नावानं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते संत्रं नागपूर मतदारसंघात पिकतच नाही. ते पिकते काटोल-नरखेडला, कळमेश्वर-सावनेरला, पलीकडं वरूड-मोर्शीला. शहरातल्या मतदाराच्या अंगणात फार तर एक कढीपत्त्याचं झाड असल.

आता कोणी म्हणल, मग तुमच्या खासदाराला लिहा. लिहिलं, त्यांनाही लिहिलं, ते काँग्रेसचे आहेत म्हणून लिहायचं नाही असं काही नाही. पण खरं बोलू का, जिल्ह्याचा अजेंडा कोण ठरवते हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे. गडकरी साहेबांचं घर नागपुरात, मुख्यमंत्र्यांचं घर नागपुरात, नागपूर जिल्ह्यात काय आधी आणि काय मागून हे तिथंच ठरते. म्हणून हे पत्र.

साहेबांचं कौतुक मनापासून आहे, उगाच सुरुवातीला गोड म्हणून लिहित नाही. उजव्या विचाराचा नेता म्हटला की मुंबई-दिल्लीच्या लोकांना वाटते की हा आता गाय आणि मंदिर याशिवाय काही बोलणार नाही. साहेब संघाच्या मुशीतलेच, अभाविपतून आलेले, पण त्यांची गायसुद्धा हिशोबाची आहे. 2021 च्या जानेवारीत त्यांनी खादीवाल्यांचा शेणापासून केलेला रंग बाजारात आणला, मी पण हौसेनं एक डबा आणून गोठ्याची भिंत रंगवली. म्हशीनं दोन दिवस चाटून पाहिली मग नाद सोडला. सांगायचं काय, की हा माणूस शेतकऱ्याच्या घरातून काय विकता येईल याचा विचार करते, अनुदान किती वाटता येईल याचा नाही, आणि मला ते पटते. शेतकऱ्याला भीक नको, धंदा द्या, हेच तर आम्ही उजवे लोक इतके वर्षं बोलून राहिलो.

आणि पाठपुरावा म्हणाल तर रस्त्याच्या बाबतीत यांच्यासारखा माणूस नाही. 1995 ते 99 युतीच्या राज्यात बांधकाम मंत्री होते तेव्हा मुंबईत 55 उड्डाणपूल आणि पुण्याचा एक्सप्रेस वे मार्गी लावला. नागपुरात वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा डबलडेकर पूल, खाली रस्ता, मधात उड्डाणपूल, वर मेट्रो, गिनीज बुकात गेला. माझा पोट्टा मिहानमध्ये नोकरीला आहे, तो त्याच मेट्रोनं जाते. मागच्या दिवाळीत मी त्याच्यासोबत बसलो, एसी गार, सीट स्वच्छ, पिशवीत घरची संत्री होती, एक सोलायला घेतलं तर पोट्टा म्हणे बाबा इथं खायचं नाही, फाईन लागते. ऑरेंज सिटीच्या मेट्रोत, आणि ती लाईनही ऑरेंज लाईन! हसलो आम्ही दोघंही. नियम आहे तर आहे, बरोबरच आहे.

पण आता बघा, त्याच मेट्रोचा दुसरा टप्पा 43.8 किलोमीटरचा, 2022 च्या डिसेंबरात केंद्रानं मंजूर केला, तो जाते कन्हान, बुटीबोरी, हिंगणा, ट्रान्सपोर्टनगर. चारी दिशा झाल्या म्हणतात. काटोलची दिशा त्यात नाही. आमच्यासाठी 2018 साली ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला होता, नागपूरहून नरखेड, वर्धा, रामटेक, भंडाऱ्याला गाड्या धावणार, एसी डबे, पोरं सकाळी कॉलेजला जाऊन संध्याकाळी घरी. काटोल स्टेशनवर त्या दिवशी गप्पांना काय ऊत आला होता. ती गाडी अजून आली नाही. काटोल रोडच्या चौपदरीकरणाचं तर मी लिहितच नाही, ज्यांनी त्या रस्त्यानं पावसाळ्यात दुचाकी चालवली त्यांना माहीत आहे. सातशे एक किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला, आणि नागपूरपासून साठ किलोमीटरवरच्या काटोलचा रस्ता वर्षानुवर्षं रखडलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बरं, रस्ता सोडा. संत्र्यावर येतो, कारण माझं पोट त्यावर आहे.

आमचा बहुतेक माल बाहेर जायचा तो बांगलादेशात. तिथल्या सरकारनं काही वर्षांत आयात ड्युटी चढवत चढवत 2023 पर्यंत किलोमागे 88 टाकांवर (टाका म्हणजे तिथलं चलन) नेली, आणि तिथं जाणारा माल आटला, मग तोच माल दिल्ली, केरळ, बंगालच्या मार्केटात एकदम येऊन पडला. व्यापारी बगीचा पाहायला येते तेव्हा आता पहिलं वाक्य हेच असते, काका, बांगलादेश बंद आहे. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्यानं ऑक्टोबरात इसार दिला, नोव्हेंबरात तोड्याला माणसं आणली, चांगला मोठा माल निवडून भरला आणि लहान फळ, ज्याला आम्ही चुरी म्हणतो, ते झाडाखाली ढीग करून ठेवलं. म्हणे हे बोलीत नव्हतं. बगीचा उक्ता, म्हणजे सगळ्या मालासकट, दिलेला असताना! भांडलो, पण गाडी भरलेली, माणसं थांबलेली, काय करता. चुरीचा तो ढीग तिसऱ्या दिवशी मी स्वतः ट्रॅक्टरमध्ये भरून मार्केटात नेला आणि गाडीभाडं वजा जाता जे हातात आलं त्यात मजुरांचा चहा झाला.

ही चुरी जिरवायला प्रोसेसिंग पाहिजे, हे साहेब स्वतःच कितीतरी वर्षांपासून सांगतात. मिहानमध्ये पतंजलीच्या फूड पार्कचं भूमिपूजन 2016 च्या सप्टेंबरात झालं आणि उद्घाटन झालं 2025 च्या मार्चमध्ये. साडेआठ वर्षं. संपादक साहेब, संत्र्याचं कलम लावल्यावर पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरते, म्हणजे भूमिपूजनाच्या दिवशी ज्यानं कलम लावलं त्याचे दोन-तीन बहार चुरीसकट वाया जाऊन कारखाना सुरू झाला. झाला हे चांगलंच झालं, रोजची 800 टन फळं घ्यायची ताकद आहे म्हणतात. पण आमच्यापासून ते सत्तर किलोमीटर, एकटा शेतकरी दोन टन चुरी घेऊन तिथं गेला तर परवडत नाही. काटोल आणि नरखेडला नुसतं संकलन केंद्र पाहिजे, शेड, वजनकाटा आणि त्या दिवशीचा भाव लिहिलेला बोर्ड. उद्घाटनाला हेलिकॉप्टर लागणार नाही इतकं लहान काम आहे, त्यामुळंच होत नाही की काय अशी शंका येते.

ड्युटीचं काम साहेबांच्या खात्याचं नाही हे मला समजते. वाणिज्य खात्याचं आहे. पण पेट्रोलमध्ये मिसळायचं, ऊस-मक्यापासून होणारं इथेनॉल तरी कुठं त्यांच्या खात्याचं होतं? ते पेट्रोलियमचं. तरी प्रत्येक भाषणात बोलून बोलून, अन्नदाता ऊर्जादाता झाला पाहिजे म्हणून म्हणून, त्यांनी तो विषय देशाच्या गळी उतरवलाच ना. ऊसवाल्यासाठी, मकावाल्यासाठी जे केलं ते संत्रावाल्यासाठी करा एवढंच म्हणणं आहे. अ‍ॅग्रोव्हिजनच्या प्रदर्शनाला मी दरवर्षी जातो, स्पेनमध्ये कसं होते ते ऐकतो, तिथल्यासारखं उत्पादन घ्या म्हणतात. घेतो हो, पण पाणी कुठून आणू.

कारण खरं दुखणं पाणी आहे आणि त्यावर मला जरा जास्त लिहायचं आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी हा पट्टा जमिनीखालच्या पाण्याचा अतिउपसा झालेला, डार्क झोन. माझ्या वडलांनी विहीर खणली तेव्हा 40 फुटांवर झरा लागला होता, विहिरीच्या काठावर अजून त्या सालचं कोरलेलं आहे. मी बोअर मारलं ते 300 फूट. शेजाऱ्यानं दोन वर्षांखाली मारलं ते 800 फूट, पहिल्या उन्हाळ्यात चाललं, दुसऱ्या उन्हाळ्यात नुसती हवा. मे महिन्यात टँकरनं झाडं जगवली लोकांनी. ज्यांना जमलं नाही त्यांच्या शेतात आता जेसीबीनं उपटलेल्या झाडांची खोडं पडलेली आहेत, वीस वीस वर्षांची झाडं, चुलीत जाळायला नेतात.

राज्य सरकारनं वैनगंगा-नळगंगा नदीजोड मंजूर केला, सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा, 88 हजार कोटींच्या आसपास खर्च. व्हावा. पण तो गोसीखुर्द धरणावरून निघून जिल्ह्याच्या खालच्या अंगानं जाणार, आमचा भाग उंचावर. त्यातून आमच्या झाडाला पाणी मिळता मिळता माझा नातू म्हातारा होईल.

आणि इथंच मला साहेबांचीच एक गोष्ट साहेबांना आठवून द्यायची आहे. बुलडाणा पॅटर्न. हायवेच्या भरावाला मुरूम-माती लागतेच, ती डोंगर फोडून आणण्यापेक्षा ठेकेदारानं गावातले तलाव आणि नाले फुकट खोल करून तिथून न्यायची, सरकारनं रॉयल्टी माफ करायची. रस्त्याला माती, गावाला पाणी, सरकारचा एक रुपया जास्त नाही. इतकी साधी आणि इतकी हुशार कल्पना मी तरी दुसरी पाहिली नाही, हिचा प्रचार साहेबांनी स्वतः गावोगाव केला. मग काटोल रोडचं काम चाललंच आहे तर त्याचा मुरूम आमच्या नाल्यांतून का नाही? आमच्या गावाशेजारून दिवसाला मुरमाचे टिप्पर जातात, मी एका ड्रायव्हरला विचारलं कुठून आणता, त्यानं टेकडीकडं हात केला. टेकडी अर्धी झाली आहे, आणि तिच्या पायथ्याचा गावतलाव गाळानं भरलेला, फेब्रुवारीत पोरं त्यात क्रिकेट खेळतात. शंभर फूटसुद्धा अंतर नाही दोघांत.

ग्रामपंचायतीनं ठराव दिला आहे. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेला, तिथून कळलं की हे त्या ऑफिसचं काम आहे, त्या ऑफिसनं सांगितलं की ठेकेदाराच्या करारात तशी अट नाही. अट घालणारे कोण, तर ज्यांच्याकडं रस्त्याचं खातं आहे ते. पुढच्या कामाच्या टेंडरमध्ये एक ओळ घाला, जिल्ह्यातल्या हायवेचा भराव आधी शेजारच्या गावाच्या तलावातून घ्यायचा, तलावातला संपला तरच टेकडीला हात. यासाठी लोकसभेत भाषण लागत नाही, भूमिपूजन लागत नाही.

शहराच्याही तक्रारी आहेत म्हणा. 2023 च्या 23 सप्टेंबरला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी लोकांच्या घरात शिरली, माझ्या साळ्याचा फ्रीज हॉलमध्ये तरंगून राहिला होता. नाग नदीच्या सफाईचे सुमारे 1,900 कोटी मंजूर आहेत, ती घाण गोसीखुर्दपर्यंत जाते, तेव्हा ते काम पण व्हायलाच पाहिजे. पण त्यांच्याकडं मत आहे, ते बोलतात, पेपरात येते. आमचं मत दुसऱ्या मतदारसंघात आणि फोटो मात्र यांच्या पानावर.

संपादक साहेब, पत्र लांबलं, कापाल तर वरचं कौतुक कापा, तलावाचं कापू नका. आणि जमलं तर लवकर छापा, दिवाळीनंतर रस्त्याचं काम पुन्हा जोरात सुरू होईल आणि टेकडीत आता फार मुरूम उरलेला नाही.

आपला,
एक संत्रा उत्पादक
ता. काटोल, जि. नागपूर