तापीचा हिवाळ्यातला फोटोही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात तापी नदी मला वर्षातून दोनदाच भेटते. एकदा बॅरेजचे दरवाजे उघडले म्हणून, एकदा पूर चढला म्हणून. दोन्ही वेळा पाणी चहाच्या रंगाचं. तक्रार नाही, बातमी ती बातमी. पण मी प्रकाशा गावच्या घाटावर रोज पहाटे फिरायला जातो, आणि तिथली नदी आपल्या अंकात कधी आलेली नाही, म्हणून हे पत्र.

मी पेंटर. पस्तीस वर्षं या भागातल्या दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती रंगवल्या. चित्रात नदी आली की निळा डबा उघडायचा, थोडा पांढरा मिसळायचा, झालं. तापी उशाशी वाहत असताना तो निळा मी कुठे पाहिला होता, देव जाणे! पुढे फ्लेक्स आले, ब्रश सुकले. रिकाम्या हातांनी रात्री झोप येईना, तेव्हा पहाटे उठून घाटाकडे चालू लागलो.

गेल्या वर्षी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि दवाखान्याची भिंत पांढरीशुभ्र दिसली. आदल्या दिवशीपर्यंत मी ती बदामी समजत होतो, आणि रंगाचं काम बरं झालंय असंही मनात म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होतं, निळा रंग अडतो. दुसरा डोळा अजून व्हायचा होता. तोवर घाटाच्या पायरीवर बसून मी लहान पोरासारखा एकेक डोळा मिटून बघायचो. डाव्याने सातपुडा मळकट, उजव्याने निळा. नदी तीच, पण डावीकडे गढूळ आणि उजवीकडे स्वच्छ. डाव्या डोळ्यावर भरवसा ठेवून किती पाट्या रंगवल्या असतील, याचा हिशेब मी केलेला नाही.

हिवाळ्यात बॅरेजमुळे पाणी थोपलेलं असतं, गाळ खाली बसतो. साडेसहाला ते दगडी पाटीसारखं करडं असतं, वर पातळ धुकं. तापी पश्चिमेला वाहते, म्हणून सूर्य वरच्या अंगाला उगवतो आणि उजेड प्रवाहाबरोबर आपल्याकडे येतो. आधी गुलाबी. तो पाचेक मिनिटं टिकतो. मग तांब्याचा, आणि मग एकदम चांदी, डोळे दिपवणारी. पण घाटाच्या सावलीत तेच पाणी शेवाळी हिरवं राहतं. एखादा खंड्या त्यावरून सुळकन गेला, तर त्याच्या निळ्यापुढे माझे सगळे डबे फिके. सुरुवातीला मी प्रत्येक छटा मनात मिसळून बघायचो, यात काळा किती, पिवळा किती. आता सोडून दिलं. हे कुणाला रंगवून द्यायचं नाही, कुणाची उधारी नाही. त्या तासाभरात डोक्यातली खरखर थांबते. जाळी आवरणारा एक मच्छीमार मला रोज हसतो, “पानीच शे ते, बाबा!” त्याचंही बरोबर आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तापी-गोमाईच्या संगमाजवळच्या टेकाडात १९५५ साली उत्खनन झालं. तिथे ताम्रपाषाण काळातली लाल भांडी निघाली, त्यांवर काळ्या रंगात नक्षी. म्हणजे आमचा धंदा या काठावर ३००० वर्षांहून जुना! त्या काळी फ्लेक्स नव्हते, हे त्यांचं नशीब.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींचा लालभडक फोटो वर्तमानपत्रांत दर हंगामात येतो, छान येतो. तसा एक नदीचाही येऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्या छायाचित्रकाराला प्रकाशाला पाठवा. केदारेश्वराच्या बाजूच्या पायऱ्यांवर साडेसहाच्या आत पोहोचायला सांगा, सूर्य सातच्या सुमारास वर येतो. फक्त नंतर कॉम्प्युटरवर रंग गडद करू नका, एवढी एका पेंटरची विनंती. थंडी असेल. थर्मासमध्ये चहा मी आणतो.

आपला,
एक जुना वाचक
ता. शहादा, जि. नंदुरबार