चर्चमधला कॅमेरा चालू ठेवा, पण त्या घरांची पायरीही चढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शरणपूर रोड भागातल्या ख्रिस्ती घरांमध्ये सध्या एक वाद चालूय, चर्चची रविवारची उपासना यूट्यूबवर लाईव्ह दाखवायची की बंद करायची. एक गट म्हणतो बंदच करा, त्या लाईव्हमुळेच बाकं रिकामी राहतात, लोकं घरी चहा पीत पीत संदेश ऐकतात आणि झाली उपासना. दुसरा गट म्हणतो देव काय फक्त चर्चच्या भिंतीत आहे का, घरी बसून केलेली प्रार्थना त्याला ऐकू जात नाही का. मी बरीच वर्षं महिला मंडळात आहे, आजारी आणि म्हाताऱ्या लोकांच्या भेटीला जायचं काम आमच्याकडे असतं, त्यामुळे दोन्हीकडची घरं मी आतून बघितलीयेत आणि मला दोघांचंही अर्धंच पटतं. तुमच्या पेपरला लिहितेय कारण हा विषय फक्त आमचा राहिलेला नाही, सत्संग, प्रवचनं, आरत्या सगळंच आता मोबाईलवर आलंय.

आधी मागचं थोडं सांगते. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू रविवारीच होता, आमच्यासाठी चर्च बंद असलेला तो पहिला रविवार. मग लॉकडाऊन लागलं आणि ५ एप्रिलचा पाम संडे, १० चा गुड फ्रायडे, १२ चा ईस्टर असा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा घरात गेला. पाम संडेला एरवी मुलं झावळ्या हातात घेऊन होसान्ना म्हणत चर्चभोवती फिरतात, त्या रविवारी सकाळी तसं काहीच झालं नाही आणि रात्री नऊ वाजता सगळ्या देशाबरोबर आम्ही पण बाल्कनीत दिवे लावले. गुड फ्रायडेला येशू क्रुसावर जे सात शब्द बोलला त्यांवर दुपारी तीन तास उपासना असते, ती आम्ही झूमवर केली. फुकटच्या झूमला चाळीस मिनिटांची मर्यादा, त्यामुळे कोणाची प्रार्थना ऐन भरात आलेली असताना स्क्रीन बंद व्हायची आणि मग परत लिंक, परत सगळ्यांना फोन, आजींना परत समजावून सांगायचं की हिरवं बटण दाबा.

आणि गाणं तर झूमवर जमतच नाही. आवाज इकडून तिकडे पोचायला थोडा वेळ लागतो, प्रत्येकाच्या नेटप्रमाणे तो वेळ वेगळा, त्यामुळे सगळ्यांनी एकदम गायलं की नुसता गोंधळ होतो, एक जण पुढे आणि दुसरा पाव ओळ मागे. म्हणून पेटीवाल्या दादांचा माईक चालू ठेवायचा आणि बाकीच्यांनी म्यूट करून गायचं असं ठरलं. म्हणजे तुम्ही तुमच्या घरात एकटेच गाताय आणि शेजारच्या घरातली ताई तिच्या घरात एकटीच गातेय. मराठी मंडळी, म्हणजे आमचा चर्चचा समाज, गाण्यावर उभी आहे हो, रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला आपल्या भजन-कीर्तनात आणलं तेव्हापासून आमची उपासना पेटी-तबला-झांजांची आहे, मागच्या बाकावरचा एखादा काका बेसूर असतो तोही त्यात पाहिजे असतो. ते दीड वर्ष आम्ही म्यूट होतो.

मधे १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं उघडली, मास्क लावून एका बाकावर दोघं असं बसलो, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये परत बंद. ती दुसरी लाट नाशिककर विसरणार नाहीत, २१ एप्रिलला ऑक्सिजनची गळती होऊन आपल्याच शहरात बावीस पेशंट गेले ते त्याच दिवसांत. आमच्या मंडळीतली माणसं पटापट गेली आणि अंत्यविधीला वीसच जणांची परवानगी. बाकीच्यांनी मोबाईलवर बघितलं, कॉमेंटमध्ये हात जोडलेले इमोजी टाकले, आणि खरं सांगते, त्या वेळी तेवढं तरी होतं म्हणून माणसं तग धरू शकली. म्हणून कोणी त्या कॅमेऱ्याला नावं ठेवली की मला राग येतो. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, दारं उघडली ती नंतर बंद झाली नाहीत.

आता प्रश्न असा की दारं उघडून इतकी वर्षं झाली तरी काही लोकं आलीच नाहीत. मला वाटलं होतं म्हातारी माणसं भीतीने घरी बसतील आणि तरुण येतील, झालं उलटंच. काठी टेकत येणारे सगळ्यात आधी आले, आणि गाडी असलेली, धडधाकट, चाळिशीच्या आतली जोडपी घरी राहिली. त्यांना वाईट म्हणायचं नाही मला. आठवडाभर अंबड-सातपूरला नोकरी, मुलांचे क्लास, रविवारी एक दिवस उशिरा उठायला मिळतं, आणि उपासना तर टीव्हीवर लावता येते, मग कशाला धावपळ. एकदा सवय झाली की ती मोडत नाही. पण मग त्यांची मुलं संडे स्कूलला येत नाहीत, आणि जे मूल संडे स्कूलला आलंच नाही ते पुढे तरुण संघात कुठून येणार, नाताळच्या नाटकात मेंढपाळ कोण होणार?

इथे मला वारीची आठवण होते. २०२० ला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या, आपल्या त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथ महाराजांच्या सुद्धा, आणि तेव्हा तेच बरोबर होतं. पण पुढे २०२२ ला वारी परत सुरू झाली तेव्हा कोणी वारकरी म्हणाला का की एसटीने छान पोचतं, वेळ वाचतो, आता चालायचं कशाला? लाखो माणसं परत पावसात चिखलात चालली. आणि आता सिंहस्थ येतोय, तो पण टीव्हीवर दिसणारच आहे, तरी रामकुंडावर माणूस मावणार नाही, कारण टीव्हीवर बघितलं म्हणजे स्नान झालं असं कोणीच मानत नाही. मग आमच्याच लोकांना बघणं आणि जाणं एकच का वाटायला लागलं?

आमच्या कॅथलिक बांधवांकडे याबाबतीत नियम स्पष्ट आहे, रविवारच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, जाणं बंधनकारक, महामारीत बिशपांनी त्यातून सूट दिली होती, आणि २०२० मध्येच व्हॅटिकनच्या कार्डिनल सारांनी जगभरच्या बिशपांना पत्र लिहून सांगितलं होतं की कुठलंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाच्या बरोबरीचं नाही, लोकांना परत बोलवा. आम्हा प्रोटेस्टंटांकडे असा नियम नाही, वचन आहे. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात दहाव्या अध्यायात लिहिलंय की एकत्र मिळणं सोडू नका, काही जणांची तशी चाल पडलीये. म्हणजे चर्च चुकवणारी माणसं पहिल्या शतकात पण होती आणि तेव्हा यूट्यूब नव्हतं! त्यामुळे सगळा दोष कॅमेऱ्यावर टाकणाऱ्यांनी हे वचन जरा परत वाचावं. मला स्वतःला योहानाचं दुसरं पत्र फार आवडतं, एका पानाचं आहे, त्यात तो शेवटी म्हणतो की लिहायचं पुष्कळ आहे पण कागद आणि शाईने नको, तुमच्याकडे येईन आणि तोंडोतोंड बोलू म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल. पत्र त्याने लिहिलंच ना, पत्राला तो वाईट म्हणत नाही, पण भेटायची ओढ त्याने सोडली नाही.

आणि प्रत्यक्ष येण्यात काय असतं ते सांगते. उपासना संपल्यावर दारात पाळक साहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, हात मिळवतात, बायका चपला शोधता शोधता बोलतात, त्या दहा मिनिटांत मला कळतं की अमकीच्या डोळ्याखाली काळं आलंय, तमक्याचा मुलगा नोकरी गेल्यापासून मागच्या बाकावर बसायला लागलाय, कोणाच्या गळ्यातली पोत दिसत नाही म्हणजे घरात पैशाची अडचण असणार. हे कॉमेंटमध्ये कोणी लिहीत नाही. कापणीच्या सणाला लिलाव असतो ते तुम्ही कधी बघितलंय का माहीत नाही, कोणी घरचा भोपळा आणतं, कोणी कोंबडी, कोणी केक, द्राक्षाच्या पेट्या तर नाशिकला असतातच, आणि एक साधा केळीचा घड एकाने घ्यायचा, परत अर्पण करायचा, परत लिलाव, असा तो तीनतीनदा विकला जातो आणि सगळं चर्च हसत असतं. त्या दिवशी क्यूआर कोडवर पैसे पाठवणारे पण होते, पैसे पोचले, आभारी आहोत, पण घड कोणाच्या घरी गेला ते त्यांना माहीत नाही.

शिवाय आपण कुठे राहतो ते बघा. शरणपूर ही वस्तीच मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात बसवली, नावातच शरण आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून शिकवली, त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि त्यांचा देह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. आणि इथलीच आपली माणसं, ज्यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून भाऊबंदांनी विहिरीवर येऊ दिलं नाही, लग्नाला बोलावलं नाही, त्यांना मंडळी हीच भावकी होती. सुखदुःखाला हीच माणसं यायची, दुसरं कोणी नव्हतंच. ती भावकी आपल्याला आयती मिळाली म्हणून आपण ती स्क्रीनवर सोडून देतोय.

पण, आणि हा पण मोठा आहे, बंद करा म्हणणाऱ्यांनी माझ्याबरोबर एका रविवारी यावं. एक निवृत्त शिक्षिका आहेत, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर, जिना उतरता येत नाही. नातवाचा मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला असतो, उपासना सुरू व्हायच्या आधी त्या डोक्यावर पदर घेतात, आणि प्रार्थनेला उभे राहा म्हटलं की पलंगाच्या कठड्याला धरून बसल्या जागी ताठ होतात. मधेच नातवाला फोन आला की उपासना बंद. मी गेले की संदेशाबद्दल एक शब्द बोलत नाहीत, विचारतात कॅमेरा नेहमी वेदीकडेच का असतो, लोकं का दाखवत नाहीत, माझ्या जागेवर आता कोण बसतं. तसंच नर्सिंगला असलेल्या आमच्या मुली, ज्यांना रविवारी ड्युटी लागते, त्या रात्री रूमवर जाऊन रेकॉर्डिंग बघतात. गल्फमधली मुलं आहेत, बंगलोरची आहेत, त्यांना तिथे मराठी उपासना कुठून मिळणार. या सगळ्यांचा कॅमेरा काढून घ्यायचा कशासाठी, तर धडधाकट माणसांना शिक्षा म्हणून?

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर नावाच्या माणसाने तेव्हाची रविवारची उपासना कशी व्हायची ते लिहून ठेवलंय, शहरातले आणि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमायचे, वाचन, बोध, प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन लोकं, म्हणजे चर्चचे सेवक, त्यांच्या घरी घेऊन जायचे. घरी. म्हणजे जमणं पण आहे आणि जो जमला नाही त्याची आठवण पण आहे, आणि ती पायी चालत जाऊन ठेवलेली आठवण आहे. कॅथलिक चर्चमध्ये आजही आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेऊन देणारे सेवक असतात. आमच्याकडे पाळक साहेब प्रभुभोजन, म्हणजे तीच भाकर आणि द्राक्षारस, घेऊन घरी जायचेच पूर्वी, पण लाईव्ह सुरू झाल्यापासून मला स्पष्ट दिसतंय की या भेटी कमी झाल्यात, "त्या बघतात ना ऑनलाईन" असं म्हटलं की विषय संपतो. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. लोकं घरी बसली याच्यापेक्षा चर्च घरोघरी जायचं थांबलं हे मला जास्त लागतं.

बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात एका पक्षघाती माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून येशूकडे आणलं, दारातून जाता येईना तर छप्पर उघडून खाली सोडलं. आपल्याकडे छप्पर काढायची गरज नाही, पायऱ्यांच्या शेजारी एक रॅम्प बांधायचाय आणि संडासात धरायला एक दांडी बसवायचीये. किती मीटिंगांमध्ये हा विषय निघाला आणि साऊंड सिस्टीम आधी घेतली गेली. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी आपापल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाला रविवारी बरोबर आणायचं ठरवलं तर घरी बसलेल्या जोडप्यांना पण यायला कारण मिळेल, कारण कोणीतरी जिन्याखाली आपली वाट बघत बसलंय म्हटल्यावर झोप लागत नाही. आणि ज्यांना खरंच येता येत नाही त्यांची नावं लिहून काढा, कोण कोणाकडे जाणार ते ठरवा, महिन्यातून एकदा तरी प्रभुभोजन त्यांच्या घरी न्या, जाताना तरुण संघातली दोन मुलं बरोबर घ्या, त्यांना पण कळू दे. कॅमेरा राहू दे, फक्त कधीमधी बाकांकडे पण वळवा.

जाता जाता चर्चच्या पंच कमिटीला एक विनंती, नाताळ येतोय म्हणून. २४ तारखेची उपासना रात्री अकराला असते, डिसेंबरची नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, त्या वेळी सत्तरीच्या माणसाला बाहेर काढायची घरच्यांची हिंमत होत नाही आणि मग ते लाईव्ह बघतात. त्याच दिवशी दुपारी चारला एक छोटी उपासना ठेवा, पेटी-तबल्यासकट. आणायचं-सोडायचं काम आम्ही महिला मंडळ बघतो, रिक्षांचं भाडं पण आम्ही जमवू.

आपली,
एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक