‘स्मोकिंग रूम’ची सवलत रद्द करावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी पुण्यातील एका मोठ्या उपाहारगृहात आम्ही सहकुटुंब जेवायला गेलो होतो. धूम्रपानासाठी राखलेल्या खोलीचे काचेचे दार आमच्या टेबलापासून जेमतेम दहा पावलांवर होते आणि ट्रे घेऊन ये-जा करणाऱ्या वेटरांच्या सोयीसाठी ते खुर्ची लावून सताड उघडे ठेवलेले होते. जेवण संपेपर्यंत नातीचा खोकला थांबला नाही. व्यवस्थापकांकडे तक्रार केली, तेव्हा ‘आमची स्मोकिंग रूम कायदेशीर आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातील कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी घालते; मात्र त्याच कलमाच्या परंतुकाने, म्हणजे अपवाद करणाऱ्या तरतुदीने, तीस खोल्यांची हॉटेले, तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागेची मुभा दिली आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार या जागेला चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि आतली हवा थेट इमारतीबाहेर टाकणारी यंत्रणा असावी लागते. २०१७ च्या दुरुस्तीने तर तेथे खाद्यपेये पुरवण्यासही मनाई केली. खुर्ची लावलेल्या त्या दाराने किती नियम मोडले, हे वेगळे सांगायला नको.

पण माझा मुद्दा केवळ अंमलबजावणीचा नाही. नियम काटेकोर पाळले, तरी दार उघडताच धूर बाहेर येतोच, आणि आपल्याकडील बहुतेक स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत न घेता खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतात. एसी चालू आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे, हा गैरसमज मात्र फार खोलवर रुजलेला आहे. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या अमेरिकेतील संस्थेनेच २००५ मध्ये स्पष्ट केले होते की, घरातील वा इमारतीतील धुराचा धोका पूर्णपणे टाळायचा तर तेथे धूम्रपान बंद करणे हाच उपाय आहे.

स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदी लागू झाली, तेव्हा एडिंबरा आणि ॲबर्डीन येथील ४१ पबमध्ये संशोधकांनी आधी आणि नंतर हवा मोजली. पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे २४६ मायक्रोग्रॅमवरून २० वर आले. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बंदीपूर्वी त्या पबमधील माणसे काय श्वासात घेत होती, याची कल्पना येते.

ग्राहक तासाभरात उठून जातो. वेटर पूर्ण पाळी तेथेच काढतो. आयर्लंडने २००४ मध्ये देशभर बंदी आणली, ती कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणूनच. आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश देताना धूम्रपान न करणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचाच आधार घेतला होता. त्या आदेशातील यादीत रुग्णालये, ग्रंथालये, न्यायालये, रेल्वे होती, उपाहारगृहे नव्हती. ती उणीव कायद्याने भरून काढली खरी, पण परंतुकाने अर्धवट ठेवली.

केंद्र सरकारने हे परंतुक वगळावे. तोपर्यंत परवान्यांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निदान गर्दीच्या वेळी जाऊन दार आपोआप मिटते का आणि आतली हवा नेमकी कुठे सोडली जाते, एवढे तरी पाहावे.

— एक वाचक, पुणे