‘श्रिंपसाठी सुरक्षित’ असे छापून विकलेल्या गोगलगायनाशक द्रावणाबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: बाटलीवरील चुकीचा दावा, घटकद्रव्यांची लपवलेली माहिती आणि त्यामुळे झालेले नुकसान

महोदय/महोदया,

आपले गोगलगायनाशक द्रावण वापरल्यानंतर माझ्या प्लांटेड (पाणवनस्पती लावलेल्या) मत्स्यटाकीतले जवळजवळ सगळे चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या शोभेच्या कोळंब्या, मेले. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘मासे, श्रिंप आणि वनस्पतींसाठी सुरक्षित’ असे लिहिले आहे. घटकद्रव्यांच्या जागी मात्र ‘विशेष मिश्रण’ एवढेच. ‘डोस जास्त पडला असेल’ असे फोनवर सांगून आपल्या प्रतिनिधीने विषय संपवला. ते मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

नवीन रोपांबरोबर टाकीत गोगलगायी आल्या. त्यांतल्या ब्लॅडर स्नेल या जातीचा बंदोबस्त हाताने होत होता. पानांखाली चिकटलेले अंड्यांचे जेलीसारखे गोळे खरवडायचे, रात्री काकडीची चकती ठेवायची आणि सकाळी गोगलगायींसकट उचलायची. माशांचे खाणेही कमी केले होते. खरा त्रास मलेशियन ट्रम्पेट स्नेल या दुसऱ्या जातीचा. त्या दिवसभर मातीत गाडलेल्या असतात, थेट पिल्ले देतात आणि नराशिवायही वाढतात. त्यांच्यापर्यंत हात पोहोचत नाही. केवळ त्यांच्यासाठी, आणि केवळ ‘श्रिंपसाठी सुरक्षित’ हे शब्द वाचून, आपले द्रावण घेतले.

आता डोसबद्दल. माती, दगड आणि लाकूड यांनी व्यापलेली जागा वजा करून मी पाण्याचे लिटर काढले आणि सिरिंजने मोजून द्रावण टाकले, तेही आपल्या पत्रकातल्या प्रमाणापेक्षा थोडे कमीच. फिल्टरमधला कार्बन पत्रकात सांगितल्याप्रमाणे आधी काढून ठेवला होता. हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे, आपल्या तंत्रज्ञांनी तो जरूर तपासावा.

काही तासांतच श्रिंप वेड्यासारखे टाकीभर पोहू लागले. नंतर एकेक करून आडवे पडले. एक अंडी धरलेली मादी मॉसवर पडून होती. पोटाखालचे पाय अंड्यांना वारा घालत हलत होते आणि हळूहळू तेही थांबले. हे मी काचेला नाक लावून पाहिले आहे. ‘अशा गोष्टी टाकीत होतच असतात’ हे आपल्या प्रतिनिधीचे वाक्य म्हणूनच मला फार लागले.

मेलेल्या गोगलगायींमुळे अमोनिया वाढून श्रिंप गेले असतील, असेही मला सांगण्यात आले. गोगलगायी एकदम मेल्या तर अमोनिया वाढतो, हे खरे. पण श्रिंप मरत होते त्याच संध्याकाळी केलेल्या चाचणीत पाणी पिवळेच होते, म्हणजे अमोनिया नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत ते हिरवे झाले, म्हणजे अमोनिया तेव्हा आला. तोवर श्रिंप गेलेले होते.

मग पाण्यातले तांबे ओळखणारे टेस्ट किट आणले; तांबे असेल तर रंग येतो. टाकीत मी जे पाणी भरते त्यात रंग आला नाही. टाकीतल्या पाण्यात आला. आपल्या द्रावणाचा एक थेंब स्वच्छ पाण्यात टाकला तर गडद रंग आला. तिन्हींचे फोटो सोबत आहेत.

तांबे गोगलगायींना मारते हे जुने ज्ञान आहे आणि तांब्याचे द्रावण विकायला माझी हरकत नाही. पण मासे सोसतील एवढ्या तांब्यातही श्रिंप मरतात, आणि पाणी मऊ असेल तर विषारीपणा आणखी वाढतो. आपल्या पत्रकात पाण्याच्या कठीणपणाचा साधा उल्लेखही नाही. अपृष्ठवंशी प्राण्यांवरची सगळीच औषधे सारखी नसतात. हायड्रा आणि प्लॅनेरिया या टाकीतल्या उपद्रवी जीवांसाठी वापरले जाणारे फेनबेन्डाझोल योग्य प्रमाणात दिले तर श्रिंप बहुधा वाचतात, पण नेराइट गोगलगायींना ते बाधते. कोणाला काय चालते हे औषधाच्या नावावरूनच कळते. आपण नावच लपवले, तर ग्राहकाने ठरवायचे कशावरून?

आणि एवढे होऊनही ट्रम्पेट स्नेल जिवंत आहेत. शंखाचे झाकण घट्ट लावून त्या मातीत बसून राहिल्या. मेल्या त्या ब्लॅडर स्नेल, ज्यांच्यासाठी मला औषधाची गरजच नव्हती. वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन गळाली, म्हणजे वनस्पतींबद्दलचा दावाही टिकत नाही.

नुकसान इथेच थांबत नाही. पाणी बदलले, कार्बन परत घातला, तरी मातीने धरून ठेवलेले तांबे पुढे केव्हाही पाण्यात उतरू शकते. वाचलेले मोजके श्रिंप वेगळ्या भांड्यात आहेत आणि माती बदलल्याशिवाय त्यांना या टाकीत सोडायची माझी तयारी नाही.

द्रावणाची किंमत, नवीन मातीचा खर्च आणि मेलेल्या श्रिंपची भरपाई आपण द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, द्रावणात तांबे कोणत्या स्वरूपात आणि किती आहे हे मला लेखी कळवावे आणि पुढच्या बाटल्यांवर छापावे. ‘श्रिंपसाठी सुरक्षित’ हे शब्द काढून टाकावेत आणि दुकानांत असलेल्या मालाबद्दल विक्रेत्यांना आजच सूचना द्यावी. दुकानात बाटली हातात घेऊन ते शब्द वाचणारा पुढचा माणूसही त्यांवर माझ्याइतकाच विश्वास ठेवणार आहे. भरपाईला वेळ लागला तरी चालेल, ही सूचना मात्र थांबवू नये.

उरलेले द्रावण बाटलीसह जपून ठेवले आहे. तपासणीसाठी हवे असल्यास त्यातला नमुना देईन. पूर्ण बाटली परत करणार नाही.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, डोसचा हिशेब, चाचण्यांचे फोटो