'झेड' टिकेल का, हे सुटे भाग ठरवतील

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निस्सानच्या अडचणींवरचा आपला लेख वाचला. २०२४-२५ या वर्षात ६७० अब्ज येनहून जास्त तोटा, २० हजार नोकऱ्यांवर कुऱ्हाड, १७ कारखान्यांचे १० करायचं ठरलेलं, होंडाशी जुळत आलेली सोयरीक फेब्रुवारी २०२५ मध्ये मोडलेली. हे सगळं त्यात नीट आलंय. खटकला तो शेवट. 'झेड'सारखी स्पोर्ट्स कार ही बुडत्या कंपनीची चैन, ती आधी बंद करा, असा त्याचा सूर होता.

१९९९ मध्येही निस्सान कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीकडून आलेल्या कार्लोस घोन यांनी पाच कारखाने बंद करून २१ हजार माणसं कमी करायची योजना आणली. अमेरिकेत झेडची विक्री १९९६ पासूनच थांबलेली. तरी याच माणसाने नवी झेड मंजूर केली आणि २००२ मध्ये '३५० झेड' बाजारात आली. घोन पुढे जपानमधून पळाले, तो विषय निराळा. पण पैशाच्या बाबतीत ते हळवे होते असं कुणी म्हणणार नाही.

तेव्हा चैनीचा मुद्दा राहू द्या. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतीव भागांचे पॅटर्न, म्हणजे साचा घडवायचे नमुने, बनवतो, त्यामुळे मला धास्ती वेगळीच वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमधल्या तोचिगीच्या कारखान्यातून निस्सानचीच दुसरी स्पोर्ट्स कार, 'जीटी-आर', शेवटची बाहेर पडली. १८ वर्षांत सुमारे ४८ हजार गाड्या झाल्या. आपल्याकडेही ती २०१६ च्या अखेरीस दोन कोटींच्या घरात विकायला आली होती. काय इंजिन होतं! ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला सिलिंडरच्या आत बसवायचे बिडाचे लायनर, म्हणजे अस्तर, नव्हतेच. बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, आत प्लाझ्माने पोलाद फवारून ०.१५ मिलिमीटरचा थर दिलेला. प्रत्येक इंजिन एकाच कारागिराने हाताने जुळवायचं आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर बसायची.

ही गाडी युरोपात २०२२ मध्ये आवाजाच्या नियमांपायी थांबली. जपानात मात्र कंपनीने कारण दिलं, सुटे भाग मिळणं अवघड झालं. हे उद्यमनगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोजचा जॉब हजारोंनी चालू असताना मधेच ४०० नगांची ऑर्डर येते. चालू पॅटर्न प्लेट उतरवा, माळ्यावरचा कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा साचा) शोधा, गेटिंग (धातू साच्यात जायच्या वाटा) पुन्हा जुळवा. पहिले पंधरा-वीस नग रिजेक्शनमध्ये जातात आणि दर वाढवून मिळत नाही तो नाहीच. एक-दोनदा माणूस संबंधाखातर करतो. तिसऱ्यांदा 'मशीन रिकामं नाही' असं कळवून मोकळा होतो. इथल्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जे घडतं ते जपानात घडत नसेल असं मानायला मी तयार नाही.

आताची झेडही तोचिगीतच बनते. इंजिन दमदार, तीन लिटर, ४०० अश्वशक्तीचं. पण सांगाडा मूळचा आधीच्या '३७० झेड'चा. आणि नवे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांच्या योजनेत सुट्या भागांची गुंतागुंत ७० टक्क्यांनी घटवायची आहे, प्लॅटफॉर्म, म्हणजे गाड्यांचे मूळ सांगाडे, १३ वरून ७ वर आणायचे आहेत. या सातांत झेडचा सांगाडा कुठे बसतो?

आपल्या दसरा चौकात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार अजून येते, हे उदाहरण कुणी देईल. पण ती हौसेने जपलेली एकच गाडी. हजारो गाडीमालकांना वर्षानुवर्षं भाग पुरवणं वेगळं.

माझ्या मते निस्सानने भागीदार शोधावा. टोयोटाने सुप्रा बीएमडब्ल्यूबरोबर केली, 'जीआर ८६' सुबारूबरोबर. गाडी थोडी दुसऱ्याची झाल्याची कुरकुर झाली, पण नगांची संख्या वाढली की पुरवठादार फोन उचलतो. झेडवर पुन्हा लिहाल तेव्हा हा पर्याय एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक पॅटर्नमेकर वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर