जागल बंद करू नका, नाना

विस्कॉन्सिन, अमेरिका
७ डिसेंबर २०२५

ती. नाना आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. बाहेर उणे १५ असलं तरी घर गरम असतं. आई, मी दोन्ही वेळ जेवतो.

आधी त्या फोटोचं. नारिंगी जाकिटातला मीच, पण हातात बंदूक नव्हती. मटणही खाल्लेलं नाही, माळ गळ्यातच आहे. भाऊबंदांत कोणी विचारलं तर हेच सांगा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. इथे परवाना काढून नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणं मारतात. त्या दिवसांत चुकून गोळी लागू नये म्हणून रानात जाताना असं जाकीट घालतात. आमचे घरमालक सत्तरीचे, गुडघ्यांनी अधू. त्यांच्या कॅमेऱ्यांची कार्डं काढायला मी सोबत गेलो होतो, एवढंच.

नाना, तसाच कॅमेरा केळीत लावून सालदाराची रात्रीची जागल बंद करायचं तुम्ही म्हणता, म्हणून नीट सांगतो. इथे हरणाच्या वाटेवरच्या झाडाला पट्ट्याने कॅमेरा बांधतात. उबदार अंग समोरून हललं की तो आपोआप फोटो काढतो. उन्हाळ्यापासून घरोघरी हाच विषय. शिंगांची टोकं मोजतात, एकेका नराला नाव ठेवतात, जेवायला बसले तरी मोबाइलवर त्याचेच फोटो. घरमालकांचा एक मोठा नर सप्टेंबरपासून एकाच कॅमेऱ्यात यायचा, पण रात्री एक-दोन वाजता. रात्री तर गोळी चालवायला बंदी! तरी मचाण त्यांनी तिथेच बांधलं. नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या माजाचा काळ, नर माद्यांमागे लांबलांब भटकतात, जुनी वाट धरून राहत नाहीत. २२ तारखेपासून नऊ दिवस म्हातारा माणूस बर्फात बसला आणि रिकाम्या हाताने परतला. नंतर आम्ही ओढा ओलांडला, तर झाडांच्या साली शिंगांनी सोलवटलेल्या आणि जमीन खुरांनी उकरलेली. कॅमेऱ्यापासून जेमतेम तीनशे पावलांवर! फोटो मिळत होते म्हणून त्या बाजूला पायी कोणी फिरकलंच नव्हतं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आपल्याकडे तर आणखी अडचण. भोवतालापेक्षा अंग गरम असतं म्हणून कॅमेऱ्याला जनावर कळतं. वैशाखात रावेरकडे पारा ४५ ला टेकला की झुडूप काय आणि रानडुक्कर काय, त्याला जवळपास सारखंच. उन्हाने तापलेलं केळीचं पान हललं तरी मात्र फोटो निघणार. बांध कुठून फुटला, रोही कुठून शिरल्या, हे सालदाराला सकाळी पावलांवरून कळतं. कॅमेरा मी पाठवतो, पण जागल ठेवा. बिबट्याची भीती आहे तर दोघांना पाठवा, दुसऱ्याची मजुरी माझ्याकडे.

आई, ओसरीवरचा कॅमेरा मी रोज सकाळी बघतो. तू मोरीत घसरलीस ते मला पाच दिवसांनी बेबीकडून कळलं. पाचही दिवस नाना पेपर वाचताना दिसत होते. तू दिसली नाहीस, तर म्हटलं थंडीमुळे आत असशील. फोन करायला हवा होता. कामाचा ताण होता, पण फोनला दोनच मिनिटं लागतात. आता रोज करीन.

या महिन्यात साठ हजार पाठवतो. वीस बोअरच्या मोटरीला, वीस आईच्या गुडघ्याच्या तपासणीला (टाळू नका), बाकी बेबीच्या लग्नासाठी बाजूला ठेवा. पाचोऱ्याच्या स्थळाला होकार देण्याआधी तिला एकदा विचारा, मला ती फोनवर गप्प वाटली. माझ्या लग्नाचं आखाजीला आल्यावर बोलू. तिकीट अजून काढलेलं नाही, पण मी येतो.

तुमचा,
बापू